चांगली डाळ फेकणारं मशीन

मशीन सुरू झालं आणि लगेच चांगली डाळ बाहेर फेकायला लागलं.

ते पाहायला वालूरचे निम्मे लोक जमले होते. गावाबाहेर रस्त्याला लागून शेतकऱ्यांच्या कंपनीची डाळ मिल आहे. तिच्यासमोर मंडप घातला होता. पहिल्या रांगेत माझे बाबा बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. कंपनीचे अध्यक्ष नामदेवराव माईकवरून सांगत होते, "आपल्या गावची लेक, पुण्यात इंजिनिअर हाय. हे मशीन तिच्या हातचं हाय. आता आपल्या तुरीला नाव ठेवायची कुणाची टाप न्हाई."

टाळ्या पडल्या आणि मी बटण दाबलं. चांगल्या डाळीच्या तोंडाशी लावलेल्या पोत्यात थोडी डाळ पडली. खराब डाळीच्या पोत्यात मात्र धो धो पडायला लागली. नामदेवरावांनी त्या पोत्यातली मूठभर डाळ उचलून तळहातावर पसरली. पिवळीधम्मक, चकाकणारी, एकसारखी डाळ होती.

"ताई," ते माईक बाजूला धरून हळूच म्हणाले, "मशीन उलटं तर जोडलं न्हाई ना?"

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही कलर सॉर्टर बनवतो. सॉर्टरमध्ये डाळ एका घसरणीवरून पातळ पडद्यासारखी खाली येते. समोर कॅमेरा असतो. तो प्रत्येक दाणा बघतो. काळा, किडका, बुरशी लागलेला दाणा दिसला की मशीन हवेचा बारीक फटका मारून त्याला बाजूला उडवतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. यातलं इलेक्ट्रॉनिक्स माझ्याकडे असतं.

आमच्या नेहमीच्या मशीनमध्ये कॅमेरा आणि त्याचं चित्र वाचून निर्णय घेणारा पॅनल एकाच पेटीत असतात. वालूरच्या मिलमध्ये भुकटी फार उडते आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली पॅनल तापतो. म्हणून त्यांनी मागणी केली होती की पॅनल बाजूच्या थंड केबिनमध्ये ठेवू द्या. कॅमेरा इकडे, पॅनल तिकडे, मध्ये लांब केबल. त्यासाठी मी नवीन बोर्ड केला. मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा इतर कंपन्याही होत्या. आमचंच घ्यावं म्हणून बाबांनी घरोघरी जाऊन सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

त्याच दिवशी दुपारनंतर पुण्याच्या एका मोठ्या दुकानदाराचा माणूस नमुना बघायला येणार होता. नमुना पसंत पडला तर गावची डाळ गावाच्याच नावानं विकली जाणार होती. नाही पडला तर तूर नेहमीसारखी बाजारात जाणार होती, मिळेल त्या भावाला.

मंडपातल्या लोकांना चहा द्यायला सांगून मी कामाला लागले.

आधी साध्या गोष्टी बघितल्या. कॅमेऱ्याची काच पुसली. हवेचा दाब पाहिला. व्होल्टेज पाहिलं, ते ठीक होतं. अर्थिंग पाहिलं, तेही ठीक होतं. वायरिंग गौतम नावाच्या गावातल्या इलेक्ट्रिशियननं केलं होतं. तिशीतला, कमी बोलणारा माणूस. त्याच्या कामात खोट काढावी असं काही सापडलं नाही. केबल लोखंडी पाइपातून, मोटारींच्या वायरींपासून लांबून नेली होती. आमच्या पुण्याच्या फिटरनं इतकी नेटकी नेली नसती.

मग संशय पॅनलवर आला. कॅमेऱ्यातून येणारा सिग्नल म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज. उजेड जास्त तर व्होल्टेज जास्त. पॅनलमध्ये एडीसी नावाची चिप असते, ती या व्होल्टेजचे आकडे करते. प्रत्येक वेळी मोजताना ती सिग्नलमधून एक छोटा घोट घेते. तो घोट तिला झटकन देता यावा म्हणून तिच्या आधी ऑप-ॲम्प, म्हणजे सिग्नलला बळ देणारा पार्ट, लावतात. त्याला बफर म्हणतात. तसाच एक वेगवान ऑप-ॲम्प कॅमेऱ्याकडे असतो. त्याचं काम सिग्नल केबलमधून पुढे ढकलायचं. एक ढकलणारा, एक पाजणारा. दोघंही शहाण्यासारखे वागले तर मशीन नीट चालतं.

पाजणारा तपासला. त्याचं काहीच चुकत नव्हतं.

इतक्यात पुण्याहून माझ्या साहेबांचा, सबनीस सरांचा फोन आला. माझ्या दोन्ही हातांत काम होतं, म्हणून मी स्पीकर लावला.

"काय झालं? उद्घाटन झालं का?"

"सर, चांगली डाळ रिजेक्ट होतेय."

"अगं, त्यांची लाईट बघ आधी. तिकडची लाईट कसली असते तुला माहितीये. आणि वायरिंग गावातल्या कुणाकडून तरी केलं असेल. त्या लोकांना शिल्डिंग म्हणजे काय ते तरी कळतं का?"

गौतम माझ्या शेजारीच पक्कड घेऊन उभा होता. नामदेवराव दारात होते. मी स्पीकर बंद केला, पण जे ऐकू जायचं ते गेलं होतं. गौतम पाइपाचा क्लॅम्प आवळायला वळला. तो क्लॅम्प आधीच आवळलेला होता.

मी खराब डाळीच्या पोत्याशी जाऊन बसले. मुठीमुठीनं डाळ बघायला लागले. या मिलमध्ये डाळीला पॉलिश करतात, त्यामुळे तिला चकाकी येते. पोत्यातले सगळे दाणे चकाकत होते. चांगल्या पोत्यातले दाणे तुलनेनं मळकट होते. म्हणजे जितका दाणा छान, तितका तो मशीनला नापसंत.

मी लॅपटॉप जोडून कॅमेऱ्याचा कच्चा सिग्नल पाहिला. चकाकणारा दाणा गेला की रेषेत उंच टोक यायचं. ते बरोबर होतं. पण त्या टोकाच्या मागे थोड्या अंतरावर एक खड्डा यायचा. मशीनच्या भाषेत खड्डा म्हणजे काळा डाग. दाण्याच्या चकाकीमागे नसलेला डाग दिसत होता आणि मशीन त्याला इमानदारीत फटका मारत होतं.

तो खड्डा कुठून येतो हे मला कळलं होतं.

विहिरीत तोंड घालून हाक मारली की हाक परत येते. लांब केबलमध्येही तेच होतं. सिग्नल केबलच्या टोकाला जातो, तिथं त्याला अडवून जिरवणारं काही नसेल तर परत फिरतो, सुरुवातीच्या टोकाला आपटतो आणि उलटा होऊन पुन्हा येतो. हे होऊ नये म्हणून टोकाला केबलच्या जातीचा, पंचाहत्तर ओहमचा रेझिस्टर लावतात. तो सिग्नल जिरवतो. पाठवणाऱ्या ऑप-ॲम्पच्या तोंडाशीही तसाच एक लावतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना हे कॉलेजातच शिकवतात. पण दोन्ही रेझिस्टर लावले की सिग्नल निम्मा होतो. मग ऑप-ॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट करायचा तो आकडा, वाढवावा लागतो, बोर्ड पुन्हा तपासावा लागतो. मला घाई होती. मी तोंडाशी अगदी लहान रेझिस्टर ठेवला आणि टोकाचा लावलाच नाही. लॅबमध्ये टेबलावर हातभर केबल होती. इतक्या जवळ भिंत असली की हाक आणि तिचा पडसाद वेगळे ऐकू येत नाहीत. चित्र झकास दिसलं. मी बोर्ड पास केला.

तरीही खात्री करायची होती. लॅबमधली ती आखूड केबल माझ्या बॅगेत होती. मी नामदेवरावांना सांगितलं, पॅनल उचलून मशीनजवळ आणायचा आहे. चौघांनी मिळून तो आणला. आखूड केबल लावली. मशीन सुरू केलं.

चांगली डाळ चांगल्या पोत्यात पडायला लागली. खराब पोत्यात काळे-किडके दाणे तेवढे टिपटिप पडत होते.

लोक उठून उभे राहिले. टाळ्या, शिट्ट्या. नामदेवरावांनी विचारलं, "ताई, कशानं हुत हुतं?"

मी म्हणाले, "केबलमुळं होत होतं."

हे वाक्य खोटं नव्हतं. पण मला ठाऊक होतं की ते कसं ऐकलं जाईल. आणि तसंच ते ऐकलं गेलं.

"गौतम!" नामदेवराव गरजले. "कसली केबल वढली रे? एवढ्या मान्सांत नाक कापायलास व्हय गावाचं?"

"मामा, ताईंनी पाठवलेलीच केबल हाय," गौतम म्हणाला.

"मग वढताना मोडली आसल, चेपली आसल. पायपात घालायची अक्कल पायजे ना!"

मागून आणखी दोघं-तिघं बोलले. कुणावर पटकन आवाज चढवता येतो आणि कुणावर नाही, हे आमच्या गावात कुणाला शिकवावं लागत नाही. गौतमची वस्ती गावाच्या कडेला आहे. नामदेवरावांच्या पुतण्यानं ती केबल ओढली असती तर हेच शब्द निघाले असते का, हा प्रश्न माझ्या मनात तेव्हाच आला. तरी मी गप्प बसले.

गौतमनं वाद घातला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं. "ताई, सेलूला मिळंल आसली केबल. घेऊन येतो," म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

मी बाजूला जाऊन सरांना फोन केला. या वेळी स्पीकर लावला नाही. खरं काय ते सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते केबल म्हणतायत ना? मग म्हणू दे. तू तोवर रेझिस्टर लावून घे. नवीन केबल आली की चालेल. विषय संपला."

मला लाज याची वाटते की हे त्यांनी सांगायच्या आधीच माझ्या डोक्यात आलं होतं. सगळं जुळत होतं. गौतम सेलूहून येईपर्यंत माझा रेझिस्टर लागला असता. नवी केबल लागली असती. मशीन चाललं असतं. जुनी केबल कायमची वाईट ठरली असती आणि कुणाला कधी काही कळलं नसतं.

माझ्याकडे पंचाहत्तर ओहमचा रेझिस्टर नव्हता. पण टीव्हीच्या केबलवाल्यांकडे टर्मिनेटर असतो. केबलच्या मोकळ्या टोकाला लावायची ती छोटी टोपी. तिच्यात पंचाहत्तर ओहमच असतात. गावात केबलचं काम इरफानभाई बघतात. त्यांच्याकडून दोन मागवले. ते स्वतःच घेऊन आले.

"क्या ताई, पॅनलला टीव्ही लावायलाव का?"

"तसंच समजा," मी म्हणाले. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

मी टर्मिनेटर फोडून आतला रेझिस्टर काढला. पॅनलच्या बोर्डवर त्याच्यासाठी दोन भोकं ठेवलेली होती. डिझाइन करताना मीच ठेवली होती आणि रिकामी सोडली होती. त्यांत रेझिस्टर सोल्डर केला. पाच बोटांएवढ्या जागेतलं काम होतं. पॅनलचं दार लावलं.

बाहेर आले तर सत्काराची तयारी झाली होती. शाल, नारळ, फेटा. मला खुर्चीवर बसवलं. बाबा शेजारच्या माणसाला सांगत होते, "बघितल्या बरूबर वळखलं पोरीनं. केबल म्हणली म्हंजी केबल!"

नामदेवरावांनी शाल घातली. ती नवी होती आणि टोचत होती. ते बोलायला लागले तेवढ्यात गौतम आला. तोंडावर धूळ, खांद्यावर नव्या केबलचं भेंडोळं. तो मंडपाच्या खांबापाशी थांबला. नामदेवराव माईकवरूनच म्हणाले, "आले बगा आमचे इंजिनिअरसायब! आता तरी नीट वढ बाबा, ताईंना रोज रोज यायला जमणार न्हाई."

लोक हसले. बाबाही हसले.

बाबांना हसताना बघितलं आणि मला ते सोसेना. मी उठून माईक घेतला. मी चांगली बोलते असं लोक म्हणतात, पण तेव्हा धड वाक्य जुळेना.

"गौतमची केबल चांगली आहे," मी म्हणाले. "चूक माझ्या बोर्डात होती. एक पार्ट लावायचा असतो, तो मी लावला नव्हता. मला सकाळीच कळलं होतं. मी बोलले नाही."

मग नामदेवरावांनी जोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"बगा, बगा! याला म्हणत्यात संस्कार. गौतमला वाचवायला सोताच्या डोक्यावर खापर फोडून घ्यायलीय. एवढं मोठं मन आसतंय का कुणाचं?"

सगळा मंडप टाळ्या वाजवायला लागला. मागच्या बाया पदर डोळ्याला लावायला लागल्या. मी "तसं नाही, तसं नाही" म्हणत होते आणि टाळ्या वाढत होत्या. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. चूक लपवली तेव्हा माझं कौतुक झालं होतं. कबूल केली तर आणखी कौतुक होत होतं. आणि गौतम खांबापाशी तसाच उभा होता. आता तर त्याच्यावर माझे उपकारही चढले होते.

मी शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"गौतम," मी माईकवरूनच म्हणाले, "ते भेंडोळं खाली ठेव. तुझी जुनी केबल जोड."

त्यानं आधी माझ्याकडे, मग नामदेवरावांकडे बघितलं.

"जोड," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर."

पॅनल पुन्हा केबिनमध्ये नेला. गौतमनं सकाळचीच केबल दोन्ही बाजूंना लावली. मी नामदेवरावांना आणि बाबांना मशीनजवळ उभं केलं. बाकीचे लोक आपोआप भोवती आले. मशीन सुरू केलं. सिग्नल किंचित मंद झाला होता, तेवढं सेटिंग वाढवलं. चांगली डाळ चांगल्या पोत्यात पडायला लागली.

"हीच ती केबल," मी म्हणाले. "आता बघा."

मशीन थांबवून मी पॅनल उघडला. तांदळाएवढ्या त्या रेझिस्टरचा एक पाय सोल्डरिंग गननं सोडवला. मशीन पुन्हा लावलं. चकाकणारी डाळ धो धो खराब पोत्यात जायला लागली.

"हा पार्ट माझ्या बोर्डात नव्हता. केबल ओढणाऱ्याचा यात काही संबंध नाही."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. नामदेवराव पोत्यातल्या डाळीकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला.

"मंजी गौतमला उगंच बोललो की आमी."

"हो," मी म्हणाले. "माझ्यामुळं."

"बरं," ते म्हणाले. गौतमकडे वळून काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. पुण्याचा माणूस देवगाव फाट्यावरून येऊन पोचला होता. नामदेवराव सुटल्यासारखे तिकडे गेले.

मी रेझिस्टरचा पाय पुन्हा जोडला. त्या माणसानं नमुना घेतला, पांढऱ्या कागदावर पसरला, उन्हात नेऊन बघितला. पुढच्या आठवड्यात त्यांचा होकार आला. वालूरची डाळ आता पुण्याच्या दुकानात गावाच्या नावानं मिळते. मशीन नीट चालू आहे. कॅमेऱ्याकडचा आणि पॅनलमधला, दोन्ही बोर्ड मी नंतर बदलून दिले. दोन्ही टोकांना रेझिस्टर, गेन दुप्पट, जसं आधीच करायला हवं होतं तसं.

सबनीस सरांना मी सगळं सांगितलं. ते चिडले, मग म्हणाले, "मशीन चाललं ना?" नोकरी गेली नाही. पण त्यानंतर साइटवर त्यांचा फोन मी स्पीकरवर घेत नाही.

त्या दिवशी बाबा माझ्या पुढे चालत घरी आले. घराच्या पायरीवर बसून चपला काढताना म्हणाले, "एवढ्या मान्सांत सांगायची गरज हुती का?"

मी आतून पाण्याचा तांब्या आणून दिला.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनीच म्हटलं, "हुती म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गौतमच्या घरी गेले. त्याच्या आईनं चहा केला. मी माफी मागितली. मोठं झाल्यावर माफी मागायची सवय राहत नाही. शब्द फार औपचारिक येतात. माझेही तसेच आले. गौतम कपाकडे बघत ऐकत होता.

"ताई, तुमी सांगितलं ते चांगलं झालं," तो म्हणाला. "पण सकाळीच सांगितलं आसतं तर मी सेलूला गेलो नसतो. आन त्यो माईक..." एवढं बोलून तो थांबला. "जाऊ द्या. केबल परत घेत न्हाई म्हणायलाय दुकानदार. तिचं काय करायचं?"

मी म्हणाले, "मला दे."

ते भेंडोळं मी पुण्याला आणलं. आता आमच्या लॅबमध्ये कुठलाही बोर्ड लांब केबलवर तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. टेबलावर आखूड केबल ठेवायला मी मनाई केली आहे. केबल जमिनीवर पसरलेली असते आणि येणारा-जाणारा तिच्यात अडखळतो. नवीन पोरं वैतागून विचारतात, मॅडम, ही गुंडाळून ठेवली तर चालणार नाही का? मी नाही म्हणते. अडखळायचं तर इथंच अडखळा. साइटवर आपण अडखळलो की पडतो दुसराच कुणीतरी.